गुम-रेताईंचे अडतीस शिक्के

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि विकास समितीचे प्रमुख माननीय नाम ग्वांग-सिक, प्रमुख पाहुणे आणि आपल्या मुयांग शहराच्या नियोजन विभागाचे संचालक माननीय प्योन साहेब, सत्कारमूर्ती गुम-रेताई, आणि जुन्या बसस्थानकामागच्या गल्लीतल्या माझ्या घरमालक बंधू-भगिनींनो, ज्यांची घरं नकाशातून पुसून त्या जागी कारंजं काढलंय, त्या तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. ताईंबद्दल चार गोड शब्द बोला, असं त्यांनी मघाशी जिन्यात माझा दंड दाबून सांगितलं. दंड जरा जोरातच दाबला. पण मी जुनी पुस्तकं विकणारा माणूस. माझ्या दुकानात पाऊल टाकलेलं गिऱ्हाईकसुद्धा तीन मिनिटांत सुटत नाही.

ताई बावीस वर्षं आपल्या गल्लीप्रमुख होत्या. म्हाताऱ्यांच्या लसीची यादी, शाळेचे दाखले, तुंबलेल्या गटाराचा अर्ज, सगळं ताई. आपण दिवसभर दुकानात उभे. सरकारी कागद आला की हातातली सुरी टाकून कोण धावणार? म्हणून आपण सहीच्या जागी मारायचे आपापल्या नावाचे शिक्के ताईंकडेच ठेवून दिले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अख्खी गल्ली पडलेली असायची. कागद आला की ताई हाक मारायच्या, ‘‘अहो, तुमचा मारू का?’’ आणि आपण न बघता म्हणायचो, ‘‘मारा की!’’ दुसऱ्या गावचा माणूस याला वेडेपणा म्हणेल. आपण याला शेजार म्हणत होतो.

मग आला तो आराखडा. प्योन साहेब, तुम्ही काचेखाली मांडलेलं ते मॉडेल मी चार वेळा पाहिलं. नऊ हजार खुर्च्यांचं बंदिस्त स्टेडियम. शेजारी कन्व्हेन्शन सेंटर. दोन हॉटेलं, आणि त्या सगळ्यांना जोडणारा उंच काचेचा पूल, म्हणजे बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या बुटाला आपल्या शहराची माती लागायला नको. पूल जिथून जातो त्याच्या खाली आपण राहतो. मी तुमच्या माणसाला विचारलं, ‘‘हे स्टेडियम वर्षातून किती दिवस भरेल?’’ तो म्हणाला, ‘‘चाळीस दिवस धरलेत.’’ ‘‘आणि उरलेले?’’ तो म्हणाला, ‘‘आजोबा, बाहेरून दिवे लावणार आहोत, फार सुंदर दिसेल.’’ राजांनी, बादशहांनी बांधलेल्या आखाड्यांबद्दल मी आयुष्यभर वाचत आलोय. तिथं निदान माणसं आत मारायचे. इथं आखाडा बांधायच्या आधीच मारतात.

बसा, नामसाहेब, बसा. मी सत्काराचंच बोलतोय.

मागच्या वर्षी याच सभागृहात समितीनं आराखड्याची माहिती देणारी बैठक ठेवली होती. जेवणाचे डबे होते. भात, तळलेला बांगडा, मुळ्याची आंबट-तिखट किमची. आपल्यातले निम्मे आले नाहीत, कारण तो बाजाराचा दिवस होता. दाराशी समितीच्या माणसानं ताईंपुढे कागद सरकवला. मी मागे उभा होतो, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. कागद मधोमध दुमडलेला होता. वर नुसती नावं दिसत होती.

‘‘ताई, हजेरी हो, नुसती हजेरी,’’ तो म्हणाला. ‘‘जेवढे शिक्के तेवढेच डबे. वरून हिशेब मागतात.’’

‘‘आणि जे आले नाहीत त्यांनी काय उपाशी राहायचं?’’ ताई म्हणाल्या.

‘‘तुमच्याकडे आहेत ना त्यांचे शिक्के? मग मारा आणि घेऊन जा डबे.’’

‘‘मेल्या, आधी नाही का सांगायचं!’’ असं म्हणत ताई घरी पळाल्या आणि शिक्के घेऊन आल्या.

अडतीस. एकेका शिक्क्यावर तोंडाची वाफ देऊन त्यांनी अडतीस शिक्के मारले, आणि मग हातगाडी घेऊन दारोदार अडतीस डबे पोचवले. मी दुकानात परतलो होतो. माझ्या पुढ्यात डबा ठेवून म्हणाल्या, ‘‘थंड व्हायच्या आत खा. पुस्तकं काय पळून जात नाहीत.’’ रांगेत ताटकळायला नको म्हणून मी डबा न घेताच परतलो होतो. मी खाल्ला. बांगडा चांगला होता.

दुमडलेल्या अर्ध्या भागात काय होतं? ‘घर व जागा विकास समितीच्या हवाली करण्यास माझी संमती आहे.’

चौदा एप्रिलची सकाळ मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पण प्योन साहेब त्या दिवशी सेऊलला होते, त्यांच्यासाठी सांगतो. त्या कागदांच्या जोरावर पूर्वेची रांग ‘धोकादायक’ ठरवून आधी पाडायचं ठरलं. सात वाजता काळ्या बंड्या घातलेले साठ जण आले. लोखंडी पाइप आणि आग विझवायची नळकांडी. आधी नळकांडी फोडली. पांढऱ्या धुरात कोण कुणाला मारतंय ते दिसेना, नुसते आवाज. काच फुटल्याचा आवाज वेगळा असतो, आणि हाड मोडल्याचा वेगळा. त्या सकाळी मी दोन्ही इतके ऐकले की फरक कळायला लागला. प्यो दाल-सूची बायको, आपल्या चा बाई, खिडकीतून ओरडत होत्या, ‘‘अरे, आत माणूस आहे! माझा माणूस आत आहे!’’ आणि वरून यंत्राचा पंजा छपरात घुसला. आत दाल-सू माशाच्या वड्या तळत होता. सव्वीस वर्षं त्याच कढईपुढे उभा असलेला माणूस. तो झारा घेऊन दारात आला आणि म्हणाला, ‘‘तेल तापलंय रे, जरा थांबा, कुणी भाजेल!’’ शत्रू भाजू नये म्हणून बोलणारा माणूस! त्याच्या डोक्यात पाइप घातला. खाली पडल्यावर पुन्हा घातला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा मी मोजत होतो, बाकी काहीच करत नव्हतो. अकरा दिवस तो इस्पितळात डोळे न उघडता पडून होता, बाराव्या दिवशी गेला. चा बाई त्या तिथं, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बाई, उठू नका. मला माफ करा.

नामसाहेब, ती घंटी खाली ठेवा. घंटी वाजवून दाल-सू उठणार आहे का?

आता जे सांगायचं आहे ते मला अवघड आहे.

त्याच दुपारी संमतीची यादी भिंतीवर लागली. आपण आपापली नावं वाचली आणि आपले शिक्के ओळखले. रक्त आपल्या बुटांवर होतं, आणि मारणारे तर ट्रकमध्ये बसून निघून गेले होते. मग आपण कुणाकडे गेलो? तीनशे पावलांवर होत्या त्यांच्याकडे. आपण चाळीस-पन्नास जण ताईंच्या शेवयांच्या दुकानात घुसलो. काच फोडली. पिठाचं पातेलं रस्त्यात ओतलं. कुणी केसाला धरून त्यांना बाहेर ओढलं. ‘‘विकलंस ना आम्हाला? म्हातारे, कितीला विकलंस?’’ आणि त्या हात जोडून म्हणत होत्या, ‘‘अरे, मी तुमचे डबे आणून दिले ना रे? तुम्ही जेवला नव्हतात ना?’’

त्यांना कुणी कुणी मारलं, ते तुम्हाला माहीत आहे. लाकडी स्टूल कुणी उचललं ते मात्र बऱ्याच जणांना माहीत नाही. मी उचललं. डोकं वाचवायला त्यांनी उजवा हात वर केला, आणि मी तो मनगटात मोडला. मघाशी आवाजांचं बोललो. त्यातला एक आवाज माझा आहे.

त्या हातानं आता कणीक मळली जात नाही. दुकान बंद पडलं. म्हणून ताई पोहांगला लेकीकडे निघाल्या आहेत. आणि समिती त्यांना काचेचं सन्मानचिन्ह देते आहे, त्यावर कोरलंय ‘विकासकार्यातील मोलाच्या सहकार्याबद्दल’. अध्यक्षमहाशय, माणसाच्या तोंडावर थुंकायच्या अनेक रीती मी पुस्तकांत वाचल्या आहेत. काचेवर कोरलेली ही पहिलीच.

माइक बंद केलात? हरकत नाही. माझ्या दुकानाच्या दोन्ही बाजूंना मासळीवाल्या आहेत. त्यांच्यावरून आवाज चढवून मी तीस वर्षं पुस्तकं विकली. शेवटच्या रांगेत ऐकू येतंय ना? मग झालं!

काल ताई माझ्याकडे आल्या. स्टूल मी मारलं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला म्हणाल्या, ‘‘अहो, एवढा एक कागद तपासून द्या, डाव्या हातानं लिहिलाय, अक्षर घाणेरडं आहे.’’ मी वाचलं. त्यात लिहिलं होतं, ‘अडतीस शिक्के मालकांना न विचारता मी मारले.’ उद्या सकाळी तो कागद घेऊन त्या पोलीस ठाण्यात जाणार आहेत, म्हणजे त्या अडतीसही संमत्या खोट्या ठरतील. मी म्हटलं, ‘‘ताई, हा खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा आहे. अडुसष्टाव्या वर्षी तुम्ही तुरुंगात जाल.’’ त्या म्हणाल्या, ‘‘जाईन. पोहांगला तरी काय, लेकीच्या घरात कोपऱ्यातच बसायचंय.’’ मी ओरडलो, ‘‘आणि ज्यांनी तुम्हाला मारलं त्यांच्यासाठी?’’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या मंद विद्यार्थ्याकडे पाहतात. म्हणाल्या, ‘‘मग काय दुसरी गल्ली आहे का माझ्याकडे?’’

नीट ऐका, कारण सगळं यावर आहे. समितीचा मंजुरीचा अर्ज उद्या सकाळी नऊ वाजता प्योन साहेबांच्या टेबलावर जाणार. त्याआधी कुणालाही आपली संमती मागे घेता येते. कायद्याला लागतात त्यापेक्षा समितीकडे बारा संमत्या जास्त आहेत. म्हणजे तेरा माणसांनी मागे घेतली की अर्ज पडला, संपूर्ण आराखडा पडला, आणि ताईंचा तो कागद त्यांच्या पिशवीतच राहिला. तेरा! या सभागृहात ते अडतीसच्या अडतीस आहेत, दाल-सूच्या जागी चा बाई. मी एकेकाला ओळखतो. तुम्ही इतके दिवस का गप्प आहात तेही मला माहीत आहे. मागच्या दाराशी काळ्या बंड्यांतले चौघे उभे आहेत. आजही आलेत, निरोप द्यायला! तुम्हाला वाटतं, नाव लिहिलं की रात्री दार फोडतील. फोडतील कदाचित. पण लिहिलं नाही, तर दार फोडायला ते मुहूर्तासहित, यंत्रासहित, महापालिकेच्या परवान्यासहित येणार आहेत. तुमच्यापुढे मार आणि शांतता असे दोन रस्ते नाहीत. म्हातारी तुमच्या बदल्यात तुरुंगात जाणार की तुम्ही आपल्या पायांवर उभे राहणार, एवढंच ठरायचं आहे.

प्योन साहेब, तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही रेघ ओढता आणि रेघेला रक्त येत नाही. पण तुमच्या मॉडेलमध्ये माणसं पांढऱ्या कागदाची कापलेली आहेत. आज समोर बघा, ही कातड्याची आहेत.

समारंभाला बोलावलंत, हार-तुऱ्यांच्या गर्दीत एका पुस्तकवाल्याला उभं केलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि पाहुण्यांचे आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तीन मिनिटांची तीस झाली असतील, तर पोटात घाला. गुम-रेताई, तुमची माफी मात्र मी व्यासपीठावरून मागणार नाही. ती इतक्या स्वस्तात मिळायची नाही.

बंधू-भगिनींनो, उजव्या हाताला खिडकीपाशी टेबल आहे. त्यावर कोरे कागद आणि शाई ठेवली आहे. पहिला कागद माझा, तो लिहून ठेवलाय. आता चहाला जाऊ नका, फोटोला थांबू नका, शेजारी काय करतो ते बघत बसू नका. उठा, त्या टेबलापाशी जा, ‘माझी संमती मी मागे घेत आहे’ एवढं एक वाक्य स्वतःच्या हातानं लिहा, खाली अंगठा उठवा, आणि प्योन साहेब हे सभागृह सोडायच्या आत तो कागद त्यांच्या हातात द्या. उठा!