हजीऱ्याच्या वाटेवरची कावीळ

आता भगवान समोर बसून हसतोच आहे, तर सांगूनच टाकतो. नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही दोघं सुरतेत लिंबायतला एका खोलीत राहायचो, उधन्याला कापडाचे लूम चालवायचो. मला हजीऱ्याच्या कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. शेठ सुट्टी देईना, म्हणून आदल्या दिवशी याला म्हटलं, "शेठला सांग, मला कावीळ झालीय."

यानं शेठला सांगितलं, आणि रात्रीपर्यंत सगळ्या लिंबायतला. सकाळी हजीऱ्याला पोचलो, तर गेटवर वॉचमन म्हणून आपल्याच गावचे, लिंबायतलाच राहणारे आप्पा! "अरे, कावीळ अंगावर घेऊन कुठे फिरतोस? सगळं लिंबायत काळजीत आहे. मुलाखतीच्या यादीत तुझं नाव दिसलं, म्हणून साहेबांनाही मी सांगून ठेवलंय." आणि मला रिक्षात बसवून घरी धाडलं.

आता खोटं बोललो म्हणायची सोय नव्हती. शेजारच्या मावश्यांनी पंधरा दिवस बिनतेलाची भाजी खायला घातली. मग परत गेलो, तर आप्पा म्हणाले, "जागा भरली रे. पण आपल्याच गावचा लागला, बरं का!"

कोण? हाच. विचारलं तर म्हणतो, "आप्पांनी निरोप पाठवला होता, ओळखीत कुणी ठणठणीत आहे का? खोलीत दुसरा मीच होतो."