पायाने चालणारा माऊस

माझ्या मनगटाचं तुम्हाला माहीतच आहे, दिवसभर माऊस दाबून पार गेलंय. मी घरूनच इमारतींचे नकाशे काढते ना! तर गेल्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, येवल्याहून आमच्याकडे गंगापूर रोडला राहायला आले होते. जन्मभर हातमागावर पैठण्या विणलेला माणूस. माझा हात बघून म्हणाले, "मागावर निम्मं काम पाय करतात. तू सगळं हातानेच का करतेस?"

दोन दिवस खपून त्यांनी जुन्या माऊसचं बटण एका लाकडी फळीखाली बसवलं. पायाने फळी दाबली की क्लिक होणार. पण एकदा दाबलं की तीनदा क्लिक व्हायचं. एक भिंत काढायला जावं, तर तीन उभ्या राहायच्या!

अण्णा दारातून विचारायचे, "चालतंय का गं?"

"मस्त!" असं म्हणून मी गुपचूप हातानेच काम करायचे.

चौथ्या दिवशी ते चहा घेऊन आत आले, तर मी मनगट घट्ट धरून बसलेली आणि फळी टेबलाखाली उलटी पडलेली. त्यांनी वाकून फळी उचलली.

"अण्णा, रागावलात?"

"नाही गं. माझे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मीही घरात कुणाला कळू दिलं नाही. आता जिना चढवत नाही. चल, चप्पल घाल. डॉक्टरकडे जाऊ."