मिनिटाला दोन सेकंद

— नाही, नाही, काकाजी, तुमची श्रुतिका नापास झाली असं मी म्हटलेलंच नाही. दोन गुण कमी पडताहेत एवढंच म्हटलं, आणि ते भरून निघण्याची वाट आहे म्हणूनच तर तुम्हाला लालबर्र्याहून बोलावलं. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, या खुर्चीवर बसा. गुण भरायचं पोर्टल पाच वाजता बंद होतं, आता चार वाजून दहा मिनिटं झालीत. घाई करण्याइतकं काही नाही, पण निवांत बसण्याइतकंही नाही.

आधी पद्धत समजून घ्या, म्हणजे माझ्यावर राग राहणार नाही. पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात लेखी वेगळं, प्रात्यक्षिक वेगळं, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. लेखीत श्रुतिका वर्गात दुसरी आहे — हौ, दुसरी. घरी सांगितलं नाही तिने? — पण प्रात्यक्षिकाच्या पन्नासात सतरा लागतात आणि तिचे पंधरा भरतात. काहून? तर वही आणि तोंडी मिळून वीस, त्यात तिला पंधरा. उरलेले तीस प्रयोगाचे, त्यात तिला शून्य. प्रयोग सगळ्यांना एकच होता, दोलकाचा: दोऱ्याला लोखंडी गोळी टांगायची, वीस झोके मोजायचे, घड्याळात वेळ पाहायची आणि त्यावरून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. तो नऊ पूर्णांक आठ येतो. बेचाळीस मुलांपैकी एकेचाळीस जणांचा आला. तुमच्या मुलीचा नऊ पूर्णांक अठरा शतांश, म्हणजे जवळजवळ नऊच. आणि अंतिम उत्तर चुकलं की मागचं तपासायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे — मी पाडलेली नाही, मी आलो तेव्हा होतीच.

आता वाट सांगतो. हा गुणदुरुस्तीचा अर्ज. यात कारणाचा एक रकाना आहे, त्यात मी लिहिणार, ‘बेरीज चुकली’. पण अर्जासोबत उत्तरपत्रिकेचं पान जोडावं लागतं, आणि त्या पानावर नऊ पूर्णांक अठरा दिसून चालत नाही. म्हणून तिने एक पान, फक्त एकच पान, पुन्हा लिहायचं: वीस झोक्यांची वेळ एकेचाळीस पूर्णांक पाच सेकंद लिहिली आहे, तिथे चाळीस पूर्णांक एक. बस्स. काल याच टेबलापाशी मी तिला हे सांगितलं, तर म्हणते, सर, जे दिसलं ते लिहिलं. आवाज चढवला नाही हो, आदरानेच बोलली — पण पेन हातात घेतलं नाही. म्हणून तुम्हाला त्रास दिला. ती बाहेर व्हरांड्यात बसली आहे, बापाचं ऐकेल.

घड्याळ? घड्याळाचं काय? एकच आहे ते, चावीचं, आळीपाळीने सगळे वापरतात. हौ, एकेचाळीस मुलांनीही त्याच घड्याळावर — नाही, तुमचा प्रश्न कळला मला, काकाजी. तुम्ही मिलमध्ये काट्यावर आहात, हे श्रुतिकाने सांगितलं होतं: रोज सकाळी धानाचं पहिलं पोतं चढवण्याआधी वीस किलोचं लोखंडी वजन ठेवून पाहता, काटा खरा बोलतो की नाही ते. तिला ती सवय तिथूनच लागली. प्रयोगाला हात लावण्याआधी तिने ते घड्याळ मोबाइलच्या शेजारी धरलं. मीही परवा धरून पाहिलं. साठ सेकंदांत ते बासष्ट दाखवतं. पाच वेळा पाहिलं, पाचही वेळा बासष्ट.

मग एकेचाळीस जणांचं बरोबर कसं आलं? — कसं येणार, काकाजी. आलं नाही. त्या घड्याळावर तो आकडा येऊच शकत नाही. उत्तर आधी ठाऊक असतं, तिथून उलटं गणित करत मागे यायचं आणि वेळेचे रकाने भरायचे. पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिलं होतं, उत्तर इतकं आलं पाहिजे. मुलांनी माझं ऐकलं, दुसरं काय. आता मी खरं कारण लिहिलं, तर एकेचाळीस पानं उघडतील, आणि विभागप्रमुख विचारतील की हे तुमच्या लक्षात कधी आलं. माझं पद अतिथी विद्वानाचं आहे. दरवर्षी जुलैत नव्याने बोलावतात, किंवा बोलावत नाहीत. आणि लक्षात कधी आलं, तर — तिने खाली लिहिलं होतं म्हणून आलं.

लिहिलं होतं म्हणजे... पानाच्या तळाशी, पेन्सिलीने, एक ओळ. ‘घड्याळ मिनिटाला दोन सेकंद पुढे जाते.’ आणि तेवढा फरक काढून उत्तर पुन्हा मांडलं होतं. ते नऊ पूर्णांक आठ येत होतं. तंतोतंत. वर्गात एकटीचंच खरं आलं होतं. — नाही, आता नाही दिसणार ती ओळ. खोडरबर... पेन्सिलीचं होतं, म्हणून. पान मळलेलं जाऊ नये, एवढाच —

ते पान खिडकीकडे काहून धरता? खाली ठेवा, काकाजी. तिरपं धरलं तर दाब दिसतो, ठाऊक आहे मला. दाबून लिहिते ती.

माझं? माझं किती आलं होतं, ते कशाला? मी इथलाच विद्यार्थी, याच टेबलावर, याच घड्याळावर. खैरलांजीहून पहाटेच्या बसने येत होतो. नऊ पूर्णांक आठ. तीसपैकी अठ्ठावीस. बाबांनी पेढे वाटले होते गावात.

चार पस्तीस झालेत.

तिला आत बोलावू नका. पान बदलायचं नाही. आहे तेच जोडतो. तो अर्ज इकडे सरकवा — पेन्सिल नको, तुमच्या खिशातला पेन द्या. आणि बाहेर बसा पोरीजवळ. काही सांगू नका तिले. मले लिहू द्या.