चिखल्यांचं औषध

सारजाबाई : आमच्या लेकीचं, वैष्णवीचं लगीन झालं, ते हेच साल. हळदीलाच ह्यांच्या खोकल्यात रगत दिसलं. हे सगळं तुझ्या दवाखान्यात लिवलेलं हाय, मेधा. आमच्याच खोलीत भाड्यानं राहतीस, अन् परत काय इचारतीस?

मेधा : कॅप्सूल जुळत नाहीत, मावशी. काकांना महिन्याच्या साठ दिल्या. पंधरा दिवस झाले, तीस उरायला हव्यात. डबीत चारच आहेत. जास्त गेल्या असतील तर आत्ताच दाखवावं लागेल.

नथू : जास्त कसल्या? डॉक्टरनं बंद केल्यात म्हणाली ही.

मेधा : कुणी बंद नाही केल्या. मावशी?

सारजाबाई : भातलावणीच्या बायकांना वाटल्या.

नथू : आगं...

सारजाबाई : शेजारच्या शेखरनं डबीवरचं नाव वाचलं. त्याच्या पोराच्या पायाला चिखल्या झाल्या तवा हेच औषध दिलतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरला पायाचं औषध? मला वाटलं, फसवत्यात. अन् हिकडं बायकांच्या बोटांची सालटं निघाल्यात, लावणी अर्धी.

मेधा : औषध तेच आहे. बुरशीवरचं. केमोच्या जोडीला दिलं तर गाठ आवरते का, ते चाचणीत बघतायत. गुण येईलच असं कुणी म्हटलेलं नाही. गंगूबाईंना दिल्यात? त्यांना हृदयाचं दुखणं आहे, हे औषध बाधेल.

सारजाबाई : दिल्या की. आत्ता जाऊन परत घेती. पन दवाखान्यात सांगू नगंस, बाई. ह्यांना त्या चाचणीतनं काढून टाकत्याल.

मेधा : काढतीलही. मला माहीत नाही.

नथू : ही गोळी आणखी किती जणांना हाय?

मेधा : चाळीस.

नथू : मंग खरं लिही. मी न खाता खाल्ली म्हणलं, तर त्या चाळिसांचं काय कळायचं?

सारजाबाई : लई शहाणं. भ्या वाटत न्हाई?

नथू : वाटतं की. त्या चारातली एक दे हिकडं.

मेधा : थांबा, काका. आधी डॉक्टरांना विचारते.

(सहा महिन्यांनी, फोनवर.)

मेधा : मावशी, दवाखान्यातून बोलतेय. काकांचा कागद पुरा करायचाय. पुन्हा सुरू केल्यावर कॅप्सूल कधी चुकली?

सारजाबाई : एकदा. संकष्टीला. उपाशीपोटी घ्यायची न्हाई म्हणून ऱ्हायली. लिही तसं.

मेधा : लिहिलं. आता... तारीख.

सारजाबाई : तेरा जानेवारी. भोगीच्या सकाळी आमचे मालक गेले.