काटा मधे आला की

लेक : बॅटरीपासून करंट येतोय, काका. अर्थिंग पक्कं आहे. वायरी उलट्या लागल्या नाहीत, पुन्हा पुन्हा पाहिलं. आणि तरी कॉईलमधून ठिणगी म्हणून नाही.

मिस्त्रीकाका : कॉईलला हात लाव बघू, पोरी.

लेक : गरम आहे. चटका बसतोय. पण मी तर चावी आत्ता क्षणभरच लावली होती.

मिस्त्रीकाका : मग मेलं तुझं हेही इलेक्ट्रॉनिक किट. पहिलं असंच गेलं ना?

लेक : अगदी असंच. बसवलं त्या दिवशी गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. आठवडा गेला नाही तोच मुकी.

मिस्त्रीकाका : तुझ्या बापाने जन्मभर पॉइंटवर, त्या उघडझाप करणाऱ्या दोन पत्र्यांवर, गाडी हाकली. तुला म्हटलं होतं, नव्या सुनेसारखे या किटचे लाड जरा दमाने कर.

लेक : बाबा दर रविवारी ते पॉइंट घासत बसायचे. मला कुठून जमणार तेवढं? पॉइंटच्या जागी किट बसवलं की बघायला नको, असं वाचलं होतं. काका, दादाचा हट्ट तुम्हाला माहीत आहे. गाडी चालती असेल तर ठेवा, नाही तर उद्या भंगारवाला उचलून नेणार. आईसमोर मी बोलत नाही, पण मला ती जायला नको आहे.

मिस्त्रीकाका : मला तरी ती जायला हवी आहे होय? म्हणून तर दुपारची झोप मोडून आलो. आता नीट ऐक. या किटला एकच खोड असते. इंजिन फिरत नसताना चावी चालू राहिली, की ते कॉईलमधून करंट सोडत राहतं. कॉईल तापते, हेही तापतं, आणि जळतं. ही गरम कॉईल तेच सांगतेय. गाडीत कोणी बसतं का?

लेक : कोण बसणार? मी दिवसभर कामावर. घरात फक्त आई, आणि तिला गाडी येत नाही. चावी तर खिळ्याला टांगलेली असते.

आई : मी बसते.

लेक : आई? तू कधीची उभी आहेस दारात?

आई : दुपारी बसते. आजही बसले होते, तू कामावरून यायच्या आधी. चावी फिरवली की पेट्रोलचा काटा हळूहळू वर चढतो, तेवढं बघते. मला काय ठाऊक, त्यानं काही जळतं म्हणून.

लेक : अगं, पण कशाला?

आई : हे आजारी पडल्यावर डॉक्टरांनी गाडी बंद केली ना. मग आम्ही इथेच, गॅरेजातच बसायचो. काटा वर चढला की म्हणायचे, चला, निघालो. कुठल्या वळणावर कोणतं दुकान, सगळं सांगत न्यायचे. मी म्हणायचे, सावकाश घ्या. तेवढीच आमची फेरी.

मिस्त्रीकाका : वहिनी, तो चावी चालू ठेवून बसायचा? त्याच्यासारखा माणूस? आणि कॉईल कधी गेली नाही?

आई : तसं नाही भावजी. आधी माझ्याकडून पंखा फिरवून घ्यायचे. चावी बंद असताना मी बॉनेट उघडून पंखा जरासा ढकलायचा. मग ते चावी लावून तो दुसरा काटा बघायचे, करंटचा. एका बाजूला झुकला की चावी बंद करून म्हणायचे, अजून जरा. मधे आला की म्हणायचे, बस.

मिस्त्रीकाका : अरे, वा रे पठ्ठ्या.

लेक : म्हणजे पंख्याबरोबर इंजिन जरा फिरतं, आणि पॉइंट उघडे राहीपर्यंत ते फिरवायचे. पॉइंट उघडे, म्हणजे कॉईलला करंटच नाही. मग हवं तितका वेळ बसा.

आई : मीही तस्सं करते. आधी पंखा, मग आत जाऊन काटा बघायचा. पण हल्ली तो मधे येतच नाही. वाटलं, आपलाच हात कमी पडतोय.

लेक : तो येणारच नाही, आई. मी पॉइंटच काढून टाकले ना. पंखा कितीही फिरव, आता तिथे उघडायला काही नाही.

आई : मग एवढे दिवस मी उगीच ढकलत होते म्हणायची.

मिस्त्रीकाका : वहिनी, त्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत, तेव्हा चावी चालू होती. मीच बंद केली. मला वाटलं, काही तपासता तपासता गेला.

लेक : कोणत्या दिवशी? आई, बाबा झोपेत गेले ना? पलंगावर?

आई : तुम्हा दोघांना तसं सांगितलं. दादा म्हणाला असता, आजारी माणसाला गॅरेजात कशाला बसवलंस. भावजींनी उचलून आत आणलं, आणि मी त्यांना गप्प राहायची गळ घातली.

लेक : आई.

आई : बॉनेट वर होतं ग. आतलं काही दिसेना. मी ढकलला पंखा आणि थांबले. आतून काहीच आलं नाही, म्हणून पुन्हा ढकलला. मनात म्हटलं, आज किती चिकटपणा करतायत. रागावलेसुद्धा. जाऊन बघायचं सुचलं नाही मला. बस म्हणायची वाट बघत राहिले.

मिस्त्रीकाका : पोरी, जुने पॉइंट टाकून दिलेस का?

लेक : नाही. बाबांच्या डब्यात आहेत. त्यांनी घासून ठेवलेले, तसेच.

मिस्त्रीकाका : आण. तुझं हे किट मी घरी नेतो, उंदरांना खेळायला.

(मिस्त्रीकाका पॉइंट बसवतात. दुसऱ्या सेल्फला इंजिन सुरू होतं, थोडा वेळ चालतं. ते चावी बंद करतात आणि हात पुसत बाहेर जाऊन उभे राहतात.)

लेक : चालतेय, आई. दादाला फोन करते. आता तो शब्द फिरवू शकत नाही.

आई : कर. दर रविवारी घासावे लागतील हां.

लेक : घाशीन. चुकले तर काका आहेत शिव्या द्यायला. फोन जरा वेळाने करते. तू पुढे जा, पंख्यापाशी. मी आत बसते.

आई : नको ग.

लेक : जा. चावी बंद आहे. ढकल.

आई : ढकलला.

लेक : अजून जरा.

आई : हं.

लेक : बस, आई. मधे आला.

आई : आलं ऐकू.