आपल्या घरी तसं काही नाही

...आणि वरून लोकं म्हणते, पुस्तकानं माणूस बदलते! बदलते ना राजेहो, मी कुठी नाही म्हणून राहिलो? पण किती बदलते, कुठून कुठपर्यंत बदलते, हे काही पुस्तकाच्या कव्हरवर लिहून नसते, आणि तिथंच माह्यासारखा माणूस फसते. तुम्हाले सांगतो, मी साहिल, राहाले नागपुरात बेसाले, नोकरी मिहानमधल्या एका कंपनीत, वय बत्तीस, आणि ऑफिसातल्या लतिकासंगं माह्यं लग्न व्हाचं आहे. म्हणजे आमचं दोघांचं ठरलं आहे. आईचं ठरून राहिलं आहे.

आईले, म्हणजे प्रयागबाईले, मी लतिकाचा फोटो दाखवला. तिनं चष्मा वर केला, खाली केला, मोबाईल खिडकीपाशी नेला, मग बाबांकडं नेला. बाबा पेपरच्या मागं होते, पेपरच्या मागंच राहिले. आई म्हणे, "आडनाव?" म्या सांगितलं. तिच्या आजोबानं छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, तेही सांगून टाकलं. म्हटलं, आता घरात भूकंप. तर आई कशी, एकदम गोड, "आपल्या घरी तसं काही नाही गा. माणूस पाहावं, माणूस. पण पोट्टी सावळी आहे."

आता सांगा, आमच्या घरात सगळ्यात काळा कोण? मी. लतिका माह्यापेक्षा चांगली उजळ आहे. पण पोट्ट्याचा रंग म्हणजे नागपूरचं ऊन, अन् पोट्टीचा रंग म्हणजे खानदान. असो. मले वाटलं, रंगाचंच आहे ना? मग त्याले औषध आहे. कॉलेजात आम्हाले एक कादंबरी होती, शंभर वर्षं जुनी, तिकडची, गोऱ्या लोकांची. तिचा मराठी अनुवाद आणला. त्यात एक काळी बाई आहे, गोऱ्यांच्या घरी वीस वर्षं सैपाक करते, त्यांचे लेकरं वाढवते, पण तिचा चहाचा कप वेगळा, मागच्या खिडकीत ठेवलेला. अन् एक दिवस घरातले चांदीचे चमचे चोरीले जाते, तर सगळे तिच्याकडंच पाहाते. बस. म्हटलं, आईनं हे वाचलं का विरघळलीच.

वाचलं ना. चार महिने वाचलं! दिवसाले तीन पानं, कारण दर पानाले रडे. तिकडं डाळ करपून राहिली, इकडं आई सोफ्यावर, पदर डोयाले. "काय गा साहिल हे गोरे लोकं... ज्या हातचं जेवते, त्याच हाताले कप वेगळा? काहून असे गा हे? काही लाज?" हळदीकुंकवात तिनं वर्णद्वेषावर अर्धा घंटा भाषण दिलं, बायका वाण हातात धरून बसल्या, उठता येईना. शेवटी म्हणे, "आपल्या घरी तसं काही नाही बा, पण तिकडं लय आहे."

अन् त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आई मले तेच भाषण पुन्हा ऐकवून राहिली होती, तेव्हा आमची भांडेवाली सुभद्राबाई मागच्या ओट्यावर बसून चहा पिऊन राहिली होती. कप कोणता? कानतुटका. राहाते कुठी तो कप? खिडकीत. म्या नुसतं बोट दाखवलं. आईनं कपाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, पुस्तकाकडं पाह्यलं. "तो तिच्या आवडीचा आहे," म्हणे. पण खरं सांगतो, त्या दिवशी ती नीट जेवली नाही. अन् सकाळी सुभद्राबाईले शोकेसमधल्या कपात चहा, वरून बसाले खुर्ची. सुभद्राबाई घाबरली बिचारी. "ताई, माह्या कपात पोटभर मावे वं, ह्याच्यात दोन घोट नाही येत. माह्यं काही चुकलं का जी?"

म्हटलं, जमलं आपलं. तिथंच विचारलं, "आई, मग लतिकाचं?" आई म्हणे, "रंगाचं मी सोडलं गा. रंगात काय असते?" मी नाचाचाच बाकी होतो. तर आई हळूच म्हणते, "पण आडनाव...?"

"अवं, तूच म्हणे ना, आपल्या घरी तसं काही नाही?"

"नाहीच आहे. पण त्या पुस्तकात आडनावाचं कुठी आलं?"

चारशे पानं पुन्हा चाळली मी. नाही आलं. पेपरच्या मागून बाबा म्हणे, "बरोबर आहे तिचं."

हसू येऊन राहिलं अन् रडूही. लतिकाले फोनवर सगळं सांगितलं, तिच्यापासून काय लपवाचं? तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणे, "माह्या बाबांले सांगते." हातची जाते म्हटलं पोट्टी.

रविवारी तिचे बाबा आले, आनंदराव. रिटायर मास्तर, कडक इस्तरीचा शर्ट, हातात जड पिशवी. आईले वाटलं, संत्राबर्फी. त्यांनी एकेक काढून टीपॉयवर ठेवलं. पुस्तकं! अकरा. म्हणे, "आम्ही पाहुण्याच्या घरी पुस्तकं नेतो, ताई. लतिका सांगे, तुम्हाले वाचनाची गोडी आहे. ह्याच्यात आडनावाचं आलं आहे. अकराच्या अकरात."

आईनं पदर सावरला. "अहो भाऊ, आपल्या घरी तसं काही नाही..."

आनंदराव चिडले नाही, हसले. "मग तर लवकर वाचून होईन. झालं की सांगा. त्याच्यानंतर आम्ही ठरवू, पोरगी ह्या घरी द्याची का नाही."

आईचा चेहरा पाहाले पाहिजे होता तुम्ही. पोराकडच्यांलेही नापास करता येते, हे तिले पहिल्यांदा समजलं.

आता वाचून राहिली आहे, इमानदारीनं. रडत नाही. मधातच पुस्तक मिटते, अन् पुन्हा तेच पान उघडते. बाबांनीही एक उचललं, पेपरच्या आत धरून वाचते. पण राजेहो, एका पुस्तकाले चार महिने, अन् पुस्तकं अकरा, अन् मी बत्तीसचा... लतिका म्हणते, "टेन्शन नको घेऊ, मी थांबते म्हटलं ना." थांबन ना ती, तिले काय? तिच्या घरी सगळ्यांचं वाचून झालं आहे. आमच्याच घरचं राहिलं.