मालनबाईचं ताट

मंडळी, ऐका! देवाचं गुणगान झालं, आता जरा माणसाचं ऐका. अण्णा, मृदंगावरचा हात घटकाभर विसावू द्या. मला एक प्रश्न विचारायचाय.

ताटातलं अन्न उकिरड्यावर टाकणं — पाप की पुण्य? ... पाप! वा! काय एका सुरात बोललात! बरं, आता हे सांगा. तेच अन्न, भूक नसताना, पोट गच्च भरलेलं असताना, "वाया नको जायला" म्हणून आपल्याच पोटात टाकणं — ते काय? ... आँ? आता का गप्प? पुरुष मंडळी मांडवाच्या कळकाकडे बघायला लागली. बायका मात्र एकमेकींना कोपरानं ढोसतायत. त्यांना कळलं!

तर ऐका. कृष्णाकाठचं एक गाव. नाव नाही सांगत, त्या गावचे सोयरे इथं बसलेले असायचे! त्या गावात मालनबाई. नवरा आबा, मुलगा, सून शोभा, दोन नातवंडं — भरलं घर. मालनबाईच्या हाताला अशी चव, की तिचं पिठलं खायला पाहुणे मुक्काम वाढवायचे. अन् जीव कसा? कुणी उपाशी दिसलं की ही आधी तव्यावर भाकरी टाकायची.

पण वजन! गेल्या काही वर्षांत असं वाढलं, की गुडघे रोज कुरकुर करायला लागले. खाली बसली की उठवेना. उठली की "आई गं!" तेवढ्यात सासरी दिलेली लेक वैजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. ओटी भरून आली, आईच्या गळ्यात पडली. आईचे दोन्ही हात तिच्याभोवती पुरत नव्हते — मधे नातवंड होतं ना!

आता मालनबाईच्या मनात एकच. नातवंडाला न्हाऊ घालायचं ते आपण! पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, पायावर पालथं लेकरू घ्यायचं, तेल-डाळीचं पीठ लावायचं, बंबातलं ऊन पाणी हातानं बघून बघून घालायचं. माउल्यांनो, तुम्हाला सांगायला नको. ते सुख कशात आहे का? वैजूला तिच्या आजीनं असंच न्हाऊ घातलेलं. मालनबाई तेव्हापासून आपल्या वेळेची वाट बघत होती; शोभाची बाळंतपणं तर तिच्या माहेरी झालेली.

अन् एके दिवशी वैजू काय म्हणाली? वाईट मनानं नाही हां! आईची काळजी म्हणून म्हणाली, "आई, न्हाऊ घालायला आपण एक बाई सांगून ठेवू. तुज्यानं आता खाली बसवायचं न्हाई."

मालनबाई म्हणाली, "बरं." अन् चुलीकडं तोंड केलं. चूल पेटलेली नव्हती, मंडळी. तरी डोळ्यांत धूर गेला.

दुसऱ्या दिवशी आबाला घेऊन तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी गुडघे तपासले अन् सांगितलं, "वजन उतरवा, मावशी. हळूहळू. उपाशी राहू नका, वेळेवर जेवा, बेतानं जेवा. रोज थोडं चाला." मालनबाईनं त्यातलं ऐकलं किती? एकच — वजन उतरवा! "हळूहळू" तिथंच दवाखान्यात राहिलं. आपल्याला देवाच्या कथेतला शेवटचा प्रसाद तेवढा ऐकू येतो ना, तसं!

घरी आली अन् उपास धरले. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी-एकादशी तर होतीच. अन् उपासाला काय? साबुदाण्याची खिचडी! वर दाण्याचं कूट! भगर, दाण्याची आमटी, तळलेला बटाटा, वर केळं! अहो, हसता काय? तुमच्या घरी वेगळं असतं? देव वरून बघत असेल अन् म्हणत असेल, बाई गं, तू रोजचं जेव, माझ्यासाठी एवढं नको खाऊस!

वजन? तसूभर हललं नाही. मग तिनं खिचडीही सोडली. नुसत्या चहावर राहायची. सकाळी चहा, दुपारी चहा. सगळ्यांना वाढायची, आपण म्हणायची, "मला भूक न्हाई." अन् वैजूच्या बाळंतपणासाठी हौसेनं त्याच दिवसांत, आधीच, डिंकाचे लाडू वळायला घेतलेले! खारीक, खोबरं, साजूक तूप... घरभर वास.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी सगळे लवंडलेले. मालनबाईच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. फडताळ धरून उभी राहिली, हात डब्यात गेला. एक लाडू. मग आणखी. मग मोजले कुणी? उभ्या उभ्या, घाईघाईनं, चव न घेता खात होती अन् रडत होती. लेकीच्या बाळंतपणाचे लाडू, मंडळी! स्वतःच्या हातानं वळलेले!

अन् मागं वैजू उभी. पाण्याला उठलेली.

आता तुम्ही म्हणाल, लेक बोलली असेल. नाही! तिनं आईच्या हातातला लाडू हळूच काढून घेतला, पदरानं तिचं तोंड पुसलं, स्टुलावर बसवलं. म्हणाली, "आई, सकाळपास्नं काय खाल्लंस?"

"च्या घेतला."

"अन् ह्या उपासाआधी? रोजचं काय जेवायचीस?"

"जेवायची की. तुमचं झालं की उरलंसुरलं."

"म्हंजी किती?"

मालनबाईला सांगता येईना! घरात कुणाला किती भाकरी लागते, कुणाला भातावर किती आमटी, नातवाला कशात मीठ कमी — सगळं तोंडपाठ. आपण किती खातो, ते ठाऊक नाही! कसं असेल? पोराची अर्धी भाकरी, सुनेचा उरला भात, आबाच्या ताटातली भाजी, कढईतलं खरवडलेलं पिठलं. परातीतच कालवायचं अन् संपवायचं. सासूबाईंनी शिकवलेलं — नखाएवढं अन्न टाकायचं नाही. तिनं टाकलं नाही. सगळं पोटात साठवलं.

वैजूनं मांडणीकडं बघितलं. स्टीलची ताटं ओळीनं लावलेली. तुमच्या घरी असतात तशी, कडेला नावं घातलेली. आबाचं. मुलाचं. शोभाचं तिच्या माहेरनं आलेलं. नातवंडांची छोटी. वैजूचं लहानपणचंसुद्धा! तिनं सगळी बघितली, पुन्हा बघितली, अन् आईकडं वळून विचारलं,

"आई, तुजं ताट कुठं हाय?"

... मंडळी, एवढा साधा प्रश्न. इतक्या वर्षांच्या संसारात त्या बाईला कुणी विचारला नव्हता. अन् तिनं स्वतःही नाही. मालनबाई लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडली, की पोटातलं बाळसुद्धा दचकून हललं. वैजू म्हणाली, "बघ, त्याला बी राग आला."

बाहेर ओसरीवर आबा जागा होता. त्यानं सगळं ऐकलं. माणूस बोलायचा कमी. पायात चपला घातल्या, डोक्याला टोपी घातली अन् एसटीनं तालुक्याला गेला. दिवेलागणीला परत आला. पिशवीतून काय काढलं? ताट! कडेला मशिननं नाव घातलेलं — सौ. मालन. म्हणाला, "लई मोठं आणलं न्हाई. डॉक्टरीणबाईंनी बेतानं सांगितलंय."

त्या रात्री मालनबाई घरच्या पंगतीत बसली. खाली नाही बसवत म्हणून स्टुलावर, पण सगळ्यांच्या सोबत! वाढलं कुणी? आबानं! भाकरी वाकडी ठेवली, आमटी सांडली, कोशिंबिरीचा नुसता ढीग घातला. सून पदराआड हसत होती. अन् आबा विचारतो, "आनी काय पायजे का गं?"

मालनबाईनं मान वर करून आबाकडं बघितलं. जन्मभर हे वाक्य तिनं विचारलेलं. आज कानांनी ऐकलं. तिनं पोटाला विचारलं, खरंच विचारलं हां, अन् पोट म्हणालं, झालं. मग ती हळूच म्हणाली, "पुरे."

संपलं का? कसलं संपतंय! नातू उठला. ताटात अर्धी भाकरी टाकून! मालनबाईचा हात आपोआप तिकडं गेला. आबानं त्या हातावर हात ठेवला.

"अहो, अन्न हाय ते! टाकायचं व्हय?"

"टाकायचं न्हाई. गोठ्यात म्हस हाय, तिला घालीन. अन् उद्यापास्नं पोराला आधी पाव भाकरी वाढायची. लागली तर मागंल. तुजं पोट म्हंजी काय उरल्यासुरल्याची कणगी हाय?"

हे ऐकायला रागाचं वाटतं. पण तो हात त्यानं लवकर उचलला नाही, मंडळी. लेकी-सुनेसमोर! त्या पिढीतल्या माणसानं!

मग रोज तसंच चाललं. सकाळी न्याहारी, दुपारी ताट, संध्याकाळी लवकर ताट. भूक मारायची नाही अन् हौसही मारायची नाही. सणाला पुरणपोळी खाल्ली, पण बसून, चवीनं, वर तुपाची धार घालून. मधे एकदा भावकीतल्या लग्नात घसरली! आग्रह, मंडळी, आग्रह! जिलबीवर जिलबी! घरी येऊन तोंड पाडून बसली. तर शोभा सासूला म्हणाली, "आत्या, कालचं काल गेलं. आजचं ताट वाढू का?" बघा, सुनेचं शहाणपण! उपासानं दंड भरायचा नाही. पुन्हा ताटावर यायचं, एवढंच. अन् संध्याकाळी दोघं नवराबायको मारुतीच्या देवळापर्यंत चालायची. गाव हसायचं. हसू द्या!

वैजू बाळंत झाली. मुलगी! मालनबाई सडपातळ झाली का? छे! खोटं कशाला सांगू देवाच्या दारात? चोळी थोडी सैल झाली. गुडघ्यांची कुरकुर कमी झाली. एवढंच.

बाळ घरी आलं, न्हाऊ घालायचा दिवस आला. बंब पेटवला. पाट मांडला. मालनबाईनं एक हात भिंतीला लावला, देवाचं नाव घेतलं, अन् वाकली. सगळं घर दाराशी जमलेलं! गुडघा कटकन वाजला. वैजू म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे!" पण मालनबाई टेकली. पाटावर टेकली! पाय लांब केले अन् म्हणाली, "आणा माजं सोनं."

पायावर नात घेतली. पाठीवर कोमट पाणी पडलं तशी पोर आधी रडली, मग निवांत झाली. अन् आजी? आजीच्या डोळ्यांतलं पाणी न्हाणीच्या पाण्यात मिसळलं. कुणाला कळलं नाही. दाराबाहेर टॉवेल घेऊन आबा उभा होता, त्याला कळलं.

उठताना हात लागला का? लागला! एकीकडून शोभा, एकीकडून आबा. लागू दे की हात! घरची माणसं असतात कशाला?

तर मंडळी, अन्न हा देव. अन् पोट हे त्याचं देऊळ आहे, अडगळीची खोली नाही. भूक लागली की प्रेमानं घ्या, पोट "झालं" म्हणालं की हात आडवा धरा अन् "पुरे" म्हणा. आज प्रसादाला बसाल तेव्हाच सुरुवात करा, उद्याचा सोमवार कशाला शोधता?

अन् एक. ते मागं मुदपाकखान्यात कोण आहे? सकाळपासून शिरा ढवळणाऱ्या आमच्या माउल्या! सगळ्यांचं झालं की पातेली खरवडायला बसणार ना? आज नाही! झारे खाली ठेवा, हात धुवा, पुढं या. आज पहिली पंगत तुमची, अन् वाढायला ही सगळी टोप्या-फेट्यांची पलटण! हसू नका, उठा! पत्रावळ्या घ्या! तुम्ही उठल्याशिवाय मी आरतीला हात लावायचा नाही.

अन् घरी गेलात की दिवा मालवायच्या आधी मांडणीकडं एकदा बघा. अन् जी बाई सगळ्यांच्या मागं जेवते, तिला विचारा —

आई, तुझं ताट कुठं आहे?